निखाऱ्यापुढची रेघ

वैजयंती रेडकर यांचे पत्र मला २०२८ सालच्या मार्च महिन्यात आले, आणि त्याला मी उत्तर दिले नाही. हे वाक्य आधी 'देता आले नाही' असे लिहिले होते, मग 'द्यायचे राहून गेले' असे. दोन्ही खोडली. हात धडधाकट होते, पोस्टाची पेटी घराच्या वाटेवर होती, आणि उत्तर एका शब्दाचे होते.

पत्र एका पानाचे होते, सावंतवाडीहून आलेले. "श्री. वझे यांस, स. न. वि. वि. ई-मेल केला तर तुम्ही 'बघतो' म्हणून कळवाल, म्हणून हाताने लिहिते आहे." पुढे आईची तब्येत दोन ओळींत, आणि मग कामाचे. "सोबत दुसऱ्या निरीक्षणाचा अर्ज आहे. माझी सही केली आहे, तुमची हवी. रेघ खोटी वाटत असेल तर तसे लिहा. मी अर्ज फाडून टाकीन, रागावणार नाही. पण हो किंवा नाही, काहीतरी लिहा."

ती रेघ कोणती आणि तिला दोन सह्या कशाला लागत, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल.

पुण्याच्या ज्या खगोल केंद्रात मी नोकरी केली तिथे आम्ही दोघे समोरासमोरच्या टेबलांवर बसत असू. मी शास्त्रज्ञ नव्हतो. एम.एस्सी. झाल्यावर संशोधन करावे असे वाटे, पण आपल्याला जमेल असे कधी वाटले नाही. आमच्या पदाचे नाव 'प्रतिमा सहायक'. अवकाशातल्या दुर्बिणीने घेतलेली चित्रे खाली येत ती मळकी असत. कुठे भरकटत आलेला एखादा कण कॅमेऱ्यावर आदळून पांढरा ठिपका उमटवी, कुठे एखादा उपग्रह आडवा जाऊन ओरखडा ओढी. शिवाय भुते असत. एखाद्या तेजस्वी ताऱ्याचा प्रकाश दुर्बिणीच्या आतल्या आरशांवर नको तसा उसळला की चित्रात भलत्याच जागी फिकट कडे किंवा रेघ दिसे. प्रत्यक्ष आकाशात तिथे काहीच नसे. अशा खोट्या आकृतीला आम्ही भूत म्हणत असू. हे सगळे हुडकून पुसून टाकायचे, हे आमचे काम. वसुधा, माझी धाकटी बहीण, पाहुण्यांना सांगे, "आमचा दादा आकाश पुसतो. घरातले पंखे मात्र मलाच पुसावे लागतात."

केंद्राचा एक नियम होता, त्याला 'दोन हात' म्हणत. चित्रातले काही पुसायला एकाची सही पुरे. पण 'हे पुसू नका, हे खरे आहे, दुर्बीण पुन्हा इकडे वळवा' असे म्हणायचे तर दोघांच्या सह्या हव्यात. दुर्बिणीचा वेळ साऱ्या जगात वाटलेला असे, त्यामुळे नियम चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. त्यातूनच आमच्या खोलीत 'शंका आली की पुसा' अशी रीत पडली होती. ती मला फार मानवली. मला शंका लवकर येत असे.

वृषपर्वा तारकासमूहाच्या कडेला एका फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष आहे. त्याच्या लांबलचक क्रमांकाऐवजी आम्ही त्याला निखारा म्हणत असू. ताऱ्याच्या चिंधड्या अजून बाहेर धावत आहेत, तापलेला वायू उजळतो आहे, आणि क्ष-किरणांच्या दुर्बिणीतून तो नुकतीच फुंकर घातलेल्या विस्तवासारखा दिसतो. त्या स्फोटाचा उजेड पृथ्वीवरून जाऊन चार शतके झाली. वाटेत धुळीचा दाट पडदा असल्याने तेव्हा तो कोणाला दिसला नसावा.

पण निघून गेलेला उजेड पुन्हा बघता येतो. घाटात कोणी हाक मारली तर ती आधी सरळ कानावर येते आणि मग समोरच्या कड्यावर आपटून जराशाने पुन्हा येते. प्रकाशाचेही तसेच आहे. स्फोटाचा थोडा प्रकाश आपल्याकडे न येता बाजूला गेला आणि दूरच्या धुळीच्या ढगावर पडला. ढग उबदार झाला, मंद चमकू लागला, आणि ती चमक आपल्याकडे निघाली. वाट वाकडी, म्हणून पोचायला चारशे वर्षे उशीर. याला प्रकाशाचा पडसाद म्हणतात. अवरक्त किरण टिपणाऱ्या आमच्या दुर्बिणीत तो धुळीवर उमटलेल्या फिकट कमानीसारखा दिसतो. कमान वर्षागणिक बाहेर सरकते, कारण दरवर्षी आणखी लांबच्या धुळीची पाळी येते.

निखाऱ्याची ही कमान सर्वांनाच ठाऊक होती. वैजयंतीबाईंना तिच्या पुढे, बाहेरच्या अंगाला, आणखी एक रेघ दिसली. केसाएवढी बारीक.

"वझे, ही तुम्ही पुसलीत?" त्यांनी विचारले.

"हो. भूत असावं."

"कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे?"

"भूत म्हटलं की आधी कोणीतरी असावं लागतं ना. इथे जवळपास तेजस्वी तारा कुठाय?"

मी चित्रात शोधू लागलो. सापडला नाही. "चौकटीच्या बाहेर असेल," मी म्हणालो.

"आमच्याकडे वडाखाली दिसतं ते भूत. इथे वझ्यांना कळत नाही ते भूत." त्या हसल्या आणि खुर्ची ओढून माझ्या पडद्यासमोर बसल्या. "हे बघा. कमान जिथे मुरडते तिथेच ही मुरडते. दोघी एकाच ढगावर पडल्यात. आणि ही पुढे आहे. म्हणजे हिचा उजेड आधी निघालेला."

"म्हणजे?"

"तुम्हाला कळलंय, वझे. उगाच माझ्याकडून वदवून घेऊ नका."

कळले होते. फुटण्याच्या काही दशके आधी तो तारा एकदा भडकून शांत झाला होता. मरणाची आगाऊ खूण. हे खरे ठरले तर आपल्या आकाशगंगेतल्या म्हाताऱ्या ताऱ्यांपैकी कोण फुटायच्या बेतात आहे हे ओळखायला मोठा आधार मिळणार होता. आणि नेमके हेच मला खोटे वाटायला लावत होते. एवढी गोष्ट आमच्या खोलीत, माझ्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी कशी सापडेल? दुर्बिणी बांधणारी मोठी माणसे होती, त्यांना दिसली असती.

खात्री करायची रीत अवघड नव्हती. सहा महिन्यांत दुर्बीण सूर्याभोवती अर्धा फेरा पुरा करते आणि तिची कूस बदलते. तेव्हा तोच भाग पुन्हा पाहायचा. भूत दुर्बिणीबरोबर फिरते; आकाशात असलेली वस्तू फिरत नाही. त्यासाठीच तो अर्ज. तो भरायच्या आधीच त्यांच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला, त्या रजा घेऊन सावंतवाडीला गेल्या, आणि तिथून पत्र आले.

मी उत्तरे लिहिली होती. होकाराचेही लिहिले, नकाराचेही. होकाराचे वाचले की वाटे, रेघ खोटी निघाली तर दोन्ही नावांची शोभा होईल. नकाराचे वाचले की वाटे, खरी असली तर? अर्जाची मुदत संपली. पावसाळ्यानंतर दुर्बीण गार ठेवणारे शीतक संपले आणि ती कायमची बंद झाली. जागा कमी पडते म्हणून मूळ चित्रे काढून टाकण्यात आली. पुसून स्वच्छ केलेली तेवढी राहिली. वैजयंतीबाई पुन्हा कामावर आल्या नाहीत. त्यांचा राजीनामा मंजूर झाल्याचे मला सूचनाफलकावर वाचायला मिळाले. ती रेघ टिकली असती तर बंगलोरचे एक प्राध्यापक त्यांना संशोधनाला घेणार होते, हे त्यानंतर बऱ्याच दिवसांनी चहाच्या टपरीवर कोणीतरी सांगितले.

आता २०५४ साल आहे. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. वसुधा तिच्या यजमानांच्या मागे माझ्याकडे तळेगावला राहायला आली, त्यालाही बरीच वर्षे झाली. गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी इरावती पाठारे आमच्याकडे आली. ती शिकाऊ म्हणून माझ्या हाताखाली आली होती. आता नव्या भारतीय अवकाश-दुर्बिणीची प्रमुख आहे. दुर्बीण वर जाऊन दहा महिने झाले होते आणि चाचण्या चालू होत्या.

"सर, ही एका दिवसात जेवढं बघते तेवढं जुनीला वर्षभरात जमत नव्हतं," ती म्हणाली. "दुर्बीण आहे पंधरा लाख किलोमीटरवर. सगळं खाली पाठवायला वाटच पुरत नाही. म्हणून पुसायचं काम आता वरच होणार. चाळणी तिच्या पोटातच बसणार."

चाळणी म्हणजे इरावतीने दहा वर्षे खपून तयार केलेली संगणकीय पारखी. चित्र बघून काय ठेवायचे आणि काय पुसायचे ते ती स्वतः ठरवते.

"आणि पुसलेलं?" मी विचारले.

"ते गेलं. मूळ चित्रं ठेवायला वर जागा कुठे आहे?"

वसुधा पोहे घेऊन आली. "पण या यंत्राला शिकवलं कोणी गं? भूत कुठलं, तारा कुठला?"

"सरांनी."

"मी?"

"जुनी चित्रं गेली, पण तुमचे सगळे निर्णय शेऱ्यांसकट तिला घातलेत, सर. पार पहिल्या दिवसापासूनचे. तुमच्याइतकं सातत्य दुसऱ्या कोणातच नव्हतं. बाकीचे लोक सोमवारी ठेवायचे ते शुक्रवारी पुसायचे. तुमचं तसं नव्हतं."

"हा नेहमी पुसायचा," वसुधा म्हणाली. "म्हणजे दादा, तू आता जिवंतपणीच वर जाणार. तिथे तरी आवरून राहा."

इरावती हसली, आणि मग जरा सावरून बसली. "सर, एक काम आहे. 'दोन हात' अजून नियमावलीत आहे. चाळणीला वर पाठवायचं तर एक हात तिचा धरलाय, दुसरा माणसाचा हवा. तिची पारख बरोबर आहे अशी सही. ती तुमची असावी असं आम्हा सगळ्यांना वाटतं."

मला फार बरे वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आकाशातला केर काढला, आणि आता आपलीच नजर आकाशात जाणार. मी पुढच्या आठवड्यात यायचे कबूल केले. वसुधाने इस्त्रीचा सदरा आदल्या दिवशीच काढून ठेवला.

केंद्रातली आमची जुनी खोली आता राहिली नाही. इरावतीने मला एका मोठ्या पडद्यासमोर बसवले. चाचणीच्या काळातली मूळ चित्रे चाळणी वर जाईपर्यंत जपून ठेवली होती, त्यांतली काही ती मला चालवून दाखवणार होती.

"कुठला भाग बघायचा, सर?"

"निखारा," मी म्हणालो. दुसरे नाव मला सुचलेच नाही.

डाव्या बाजूला मूळ चित्र आले, उजव्या बाजूला चाळणीने स्वच्छ केलेले. कमान आता बरीच बाहेर सरकली होती. नव्या दुर्बिणीत ती इतकी सुंदर दिसत होती की मी क्षणभर कामच विसरलो. खाली चाळणीचे शेरे एकाखाली एक सरकत होते. प्रत्येक वेळी पुसताना तिने कारण लिहावे अशी इरावतीने सोय केली होती, आणि लिहिण्याची धाटणी माझ्या जुन्या शेऱ्यांवरून उचलली होती.

'बहुधा भूत. खात्री नाही. पुसले.'

'ठिपका. तारा असू शकेल, नसूही शकेल. पुसले.'

'उगाच वाद नको. पुसले.'

"हे वाचून इथे सगळे हसतात," इरावती म्हणाली. "चाळणीचा शेरा आला की म्हणतात, वझे सर बोलले."

मीही हसलो. शेरे सरकत राहिले. मी असा बोलत असे? इतक्या वेळा? मग एक शेरा आला: 'कमानीपुढे रेघ. इतक्या पुढे काही असण्याचे कारण दिसत नाही. पुसले.'

"थांबव," मी म्हणालो. "डावीकडचं मोठं कर. कमानीच्या बाहेर."

तिने केले. रेघ तिथे होती. कमान सव्वीस वर्षांत जेवढी सरकली होती तेवढीच ही सरकली होती. कमान जिथे मुरडली तिथे हीदेखील मुरडली होती. दुर्बीण नवी, आरसे नवे, कॅमेरा नवा. जुन्या दुर्बिणीतले भूत नव्या दुर्बिणीत येत नसते, आणि आलेच तर अंतर राखून पुढे चालत नसते.

"हे भूत नाही," मी म्हणालो.

इरावतीने माझ्याकडे पाहिले. मी इतक्या ठामपणे बोललेले तिने कधी ऐकले नसावे. मग तिने उन्हाळ्यात घेतलेले त्याच भागाचे चित्र काढले. तेव्हा दुर्बिणीची कूस वेगळी होती. रेघ जागची हलली नव्हती. दोन चित्रे एकावर एक ठेवून तिने पुन्हा पाहिले.

"आधीचा भडका," ती हळूच म्हणाली. "स्फोटाच्या आधीचा. सर, तुम्हाला कसं कळलं?"

"मला नाही कळलं. वैजयंती रेडकरांना कळलं. अठ्ठावीस साली."

मी तिला सगळे सांगितले. पत्राचेही. ऐकताना ती पडद्याकडेच बघत होती.

"तेव्हा तुम्हाला खरंच भूत वाटलं होतं?"

"नाही."

"मग पुसलंत का?"

"घाबरलो होतो."

शेरे अजून सरकतच होते. 'खात्री नाही. पुसले.' 'खात्री नाही. पुसले.' तिने पडदा बंद केला.

"मग दहा वर्षं मी तिला काय शिकवलं, सर? पारख की भीती?"

"भीती," मी म्हणालो.

"इतक्या सहज सांगताय?"

"सहज नाही."

तिने डोळे पुसले, पण आवाज रागाचा होता. "पुढच्या सोमवारी चाळणी वर पाठवायची आहे. सगळे देश वाट बघतायत. आम्ही मागे सरलो तर दुसऱ्या कोणाची तरी पारखी बसवतील, आणि माझं सगळं काम पेटीत. तुम्ही सही करा. मी नंतर सुधारत राहीन, शब्द देते."

"वर गेल्यावर ती जे पुसेल ते तुला सुधारायला मिळेल का?"

उत्तर दोघांनाही माहीत होते. ज्या रेघा खाली येणारच नाहीत, त्या नव्हत्या हे कोणाला कळणार, आणि होत्या हे तरी कोण सांगणार?

"सर, माझ्यावर इतकी वर्षं माया केलीत. आता बुडवू नका."

हे तिने म्हटले नसते तर बरे झाले असते. त्या मुलीला मी पहिल्या दिवशी भूत म्हणजे काय ते शिकवले होते. तिच्या लग्नात वसुधा आणि मी पहिल्या पंगतीला होतो. तिथे बसल्याबसल्या माझ्या तोंडाशी नेहमीचा शब्द आला होता: बघतो. घरी जाऊन विचार करतो. सोमवार आपोआप येईल आणि जाईल, कोणीतरी दुसरा सही करील, आणि मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही, असे होईल. ही वाट मला चांगली ठाऊक होती.

"मी सही करणार नाही," मी म्हणालो. "आणि का करणार नाही ते समितीला लिहून देईन. तुझं यंत्र वाईट नाही. त्याला मी गुरू मिळालो, एवढंच वाईट झालं."

तळेगावला परत येताना मी तिच्याशी आणखी काही बोलायला हवे होते असे वाटत राहिले. काय, ते अजून सुचलेले नाही.

समितीने चाळणीला वर पाठवले नाही. शंका येईल ते सगळे खाली पाठवायचे असा नवा नियम झाला. त्यापायी दुर्बिणीचे रोजचे काम जवळजवळ निम्म्यावर आले, आणि ज्यांचा वेळ कापला गेला ते इरावतीवर चिडले. तिचे प्रमुखपद गेले. मला तिने फोन केला नाही. एकदाच तिचा निरोप आला, दोन ओळींचा: 'निखाऱ्याचा शोधनिबंध लिहिते आहे. रेघ पहिल्यांदा कोणी पाहिली आणि तेव्हा काय झालं, हे तुमच्या शब्दांत हवं. जुनं चित्र शिल्लक नाही, अर्ज दाखल झाला नाही, त्यामुळे तुमच्याशिवाय दुसरा पुरावा नाही.'

मी लिहून पाठवले. रेघ प्रथम श्रीमती वैजयंती रेडकर यांनी पाहिली. दुसरी सही न मिळाल्याने निरीक्षण झाले नाही. ती सही मी करायची होती. 'तुमचं नाव गाळलं तरी चालेल,' इरावतीने कळवले. मी 'गाळू नये' असे लिहिले.

"आणि त्या बाईंना कोण सांगणार?" वसुधाने विचारले. ती शेंगा सोलत होती. "की तेही त्यांना छापून आलेलं वाचूनच कळायचं?"

"त्या कुठे असतात ते माहीत नाही."

"दादा, तू शोधलंस का?"

तिने त्याच दुपारी सावंतवाडीतल्या कोणा मैत्रिणीच्या जावेला फोन लावला, आणि चहाच्या वेळेपर्यंत तिच्याकडे नंबर होता. माझ्याकडे फोन धरला. मी नको म्हणून मान हलवली. तेव्हा तिने स्वतःच लावला आणि मला ऐकू यावे म्हणून आवाज मोठा ठेवला.

"नमस्कार, मी तळेगावहून वसुधा गोडबोले. श्रीपाद वझ्यांची बहीण."

"कोण वझे?" पलीकडून आवाज आला. खणखणीत होता. मागे कुठेतरी पाण्याचा पाइप चालू असावा.

"खगोल केंद्रातले. तुमच्या समोर बसायचे."

"अहो, ते पुसणारे वझे का?"

वसुधाने माझ्याकडे पाहिले. "तेच," ती म्हणाली.

"आहेत का? बरे आहेत?"

"आहेत. हे काय, इथेच बसलेत."

"मग ते का बोलत नाहीत?" आणि वसुधा काही सांगणार तेवढ्यात, "नको, राहू द्या. तसेच असतील अजून." त्या हसल्या. हसण्यात राग नव्हता, आणि ते मला रागापेक्षा जड गेले. त्यांनी सांगितले की आई त्यानंतर नऊ वर्षे अंथरुणावर होती, मग त्यांनी कलमांची रोपवाटिका काढली, आता भाचा बघतो. आकाशाचे म्हणाल तर पुढे दुर्बिणीला हात लागला नाही. "रोपांना पाणी घालायचं म्हणजे मान खालीच की हो," त्या म्हणाल्या.

"दादाला तुम्हाला काहीतरी सांगायचंय," वसुधा म्हणाली. "त्या रेघेबद्दल."

पलीकडे पाइप बंद झाला.

"फोनवर नको," वैजयंतीबाई म्हणाल्या. "मी पत्र लिहिलं होतं. काय असेल ते त्यांना पत्रानेच कळवू दे. पत्ता लिहून घ्या."

पुढचे काही दिवस मी लिहीत होतो. पहिले पत्र फार लांबले. त्यात माझे बालपण आले, वडील आले, मी का असा झालो ते आले. वसुधाने वाचून परत दिले. "त्यांनी हे विचारलं होतं का?" एवढेच म्हणाली. दुसऱ्यात क्षमा इतक्या वेळा मागितली होती की त्यांनाच माझी समजूत घालायला बसावे लागले असते. शेवटी जे उरले ते असे:

'श्रीमती रेडकर यांस, स. न. वि. वि. हो. रेघ खरी आहे. नव्या दुर्बिणीतून दिसली, कूस बदलूनही जागेवर राहिली. ती प्रथम तुम्ही पाहिलीत असे केंद्राला लेखी कळवले आहे, आणि सही कोणी केली नाही तेही. मला तेव्हा रेघेबद्दल शंका नव्हती. स्वतःबद्दल होती. त्याची किंमत तुम्ही दिलीत. — श्रीपाद वझे.'

पोस्टात पाकिटावर लावायला तिकीट मागितले तर खिडकीतल्या मुलीला कपाट उघडून शोधावे लागले. "लग्नपत्रिका का, काका?" तिने विचारले. मी नाही म्हणालो. बाहेर येऊन पाकीट पेटीत टाकले.

टाकले आणि लगेच 'शंका नव्हती' हे वाक्य डोळ्यांपुढे आले. ते तितके खरे होते का? थोडी शंका असेलच की. 'फारशी शंका नव्हती' असे हवे होते का? पेटीवर लिहिले होते की ती दुपारी उघडतात. मी समोरच्या बाकावर बसून राहिलो. पेटी उघडणाऱ्याला विनंती केली तर तो पाकीट परत देईल, एक शब्द घालायचा, पुन्हा टाकायचे, त्यात वाईट काय?

तो सायकलवरून आला. किल्ली फिरवली. आत मोजकीच पाकिटे होती, माझे वरच दिसत होते. मी उठून दोन पावले पुढे गेलो होतो.

"काका, काही राहिलं का?" त्याने विचारले.

"नाही," मी म्हणालो.

त्याने पाकिटे थैलीत टाकली, पेटीला कुलूप लावले आणि स्टेशनच्या रस्त्याने निघून गेला.